भिंतीवरचे पाय

सह्या चहाच्या वेळी करायच्या असं धाकट्या मुलानं परस्पर ठरवून टाकलं होतं, म्हणून त्या रविवारी सगळी दुपारपासूनच नानांकडे जमली. जुन्या दुकानाच्या डोक्यावरच्या त्या दोन खोल्यांत एवढी माणसं नानांची बायको, माई, गेल्यानंतर आजच एकत्र आली होती. तेव्हा कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. आज सगळी फार गोड बोलत होती, आणि थोरल्या सुनेला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. भांडणाऱ्या माणसांच्या मनात काय आहे ते कळतं तरी. गोड बोलणाऱ्यांच्या मनाचा ठाव एका देवालाच.

नाना खिडकीशी आपल्या खुर्चीत बसले होते. पायांत त्या नेहमीच्या कापडी सपाता, गुडघ्यांवर चादर. पलीकडे टेबलाभोवती बाकीचे. थोरला, थोरलीचा नवरा, घरच्यासारखा नाही तर पाहुण्यासारखा, अंग चोरून. धाकटा मध्यभागी, समोर कागदांची फाईल. त्याच्या शेजारी त्याची बायको, धाकटी. आणि रुग्णालयातली पाळी संपवून थेट इकडे आलेली ताई, दोघा भावांच्या मधली बहीण, पाठीमागे उशी घेऊन.

"शेठ," ताई धाकट्याला म्हणाली, "वाचून दाखव एकदाचं. मला झोप आली तर सही अंगठ्यानं करावी लागेल."

"शेठ म्हणू नकोस गं."

"बरं. मालक."

धाकटी हसली, धाकटाही हसला, आणि त्या हसण्यात धाकटीच्या हातून चमचा खाली पडला. थोरली जवळ होती, तीच उचलायला वाकली.

टेबलाखालचा देखावा पाहून ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. साऱ्या गावाला जोडे पुरवणारं हे घर, आणि टेबलाखाली सगळ्यांचे पाय मोकळे! ताईचे दोन्ही जोडे उलटे पडलेले. धाकट्याचे ते लांबट चोचीचे चकचकीत जोडे बाजूला सारलेले आणि एक पाय दुसऱ्याला चोळत होता. थोरल्यानं टाचा बाहेर काढून जोड्यांच्या मागच्या भिंती दुमडून टाकल्या होत्या. स्वतःच्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्यानं दिवसभर तोंड फिरवलं असतं.

दमली असतील बिचारी, असं म्हणून थोरली चमचा घेऊन वर आली. त्या वेळी तरी तिला एवढंच वाटलं.

धाकट्यानं फाईल उघडली. नव्या बाजाराच्या तोंडाशी दोन मजली जागा, काचेची दर्शनी बाजू, गाड्या लावायला अंगण. आत्ताचं शोरूम तिकडे न्यायचं. खालचं जुनं दुकान आणि मागची कार्यशाळा शेजारच्या औषधवाल्याला द्यायची. त्याला भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं, आणि तो किंमतही मानानं देत होता. नाना हवं तर वर राहतील, हवं तर कुणाकडेही. दलाल संध्याकाळच्या आत यायचा होता, आणि सह्या चौघांच्या लागणार होत्या: नाना आणि तिघं मुलं.

"आणि आता खरी गंमत," धाकटा म्हणाला. त्यानं एक चित्र टेबलावर पसरलं. नव्या दुकानाची पाटी होती ती. मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: एकदा माप, जन्मभर आराम. "यंत्र येणार आहे दादा. गिऱ्हाइकानं फक्त पाय ठेवायचा. चहूबाजूंनी चित्र घेतं. ते एकदा आपल्याकडे आलं की तो माणूस पुन्हा दुकानात यायला नको. घरबसल्या सांगायचं, इकडून जोडा रवाना. आजोबांनी जे भिंतीवर केलं, तेच मी यंत्रात करतोय. दुसरं काही नाही."

ते मात्र खरं होतं. खालच्या कार्यशाळेत एका भिंतीवर खिळ्याखिळ्याला लाकडी पाय टांगलेले होते. धंद्यात त्याला कलबूत म्हणत, ज्यावर कातडं ओढून जोडा शिवतात ते. घरात मात्र सगळे नुसतं पाय म्हणत. घरातल्या मुलाचा पाय वाढायचा थांबला की आजोबा एका दुपारी त्याला स्टुलावर बसवत, माप घेत आणि लाकूड कोरायला घेत. त्या दिवसानंतर त्या माणसाचं माप पुन्हा म्हणून घेतलं जात नसे. गरजच काय? पाय भिंतीवर आहे की! नानांचा होता, थोरल्याचा, ताईचा, धाकट्याचा. सुनांचे तेवढे नव्हते. सुनांनी शोरूममध्ये जाऊन नंबर सांगायचा.

थोरली या घरात आली ती शिंप्याच्या घरून. तिच्या वडिलांकडे एकच गिऱ्हाईक वर्षानुवर्षं यायचं आणि दर वेळी त्याच्या खांद्यावर फीत पडायची. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, "यांचं माप आहे ना आपल्याकडे?" वडील तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले होते, "ते मागच्या खेपेच्या माणसाचं आहे." वडिलांची ती फीत अजून तिच्या पिशवीत असायची. सासरी तिचा उपयोग फक्त पडद्यांना झाला.

"बोला आता," धाकटा म्हणाला. "ताई?"

"मी तयार आहे." ताईनं डोळे मिटले होते. "खोटं कशाला बोलू? माझ्या वाट्याला जे येईल त्यात मला रात्रपाळ्या सोडता येतील. मला श्रीमंत व्हायचं नाही रे. मला नुसतं झोपायचंय."

"जाऊबाईंचा तर प्रश्नच नाही," धाकटी उत्साहानं म्हणाली. "त्यांचीच तर इच्छा. लग्नाच्या वेळची ती गोष्ट भाऊजी अजून सांगतात ना, काचेच्या दुकानासमोर उभं राहून..."

"'आपलंही असं असावं,'" थोरला म्हणाला. दुपारभरात तो पहिल्यांदाच बोलला. "हो. म्हणाली होती."

तो बायकोकडे पाहून हसला. त्या हसण्यातच थोरलीला सगळं कळलं. हा माणूस सही करणार. त्याला नकोय, आणि तो माझ्यासाठी करणार.

नकोय हे तिला ठाऊक होतं. सांगितलं नव्हतं त्यानं. पण गेली कित्येक वर्षं शोरूमच्या काचेच्या खोलीत बसून टेलिफोनवर कातड्याचे भाव पाडणारा तिचा नवरा वर्षातून एकदा, नानांच्या वाढदिवसाच्या आधी, खालच्या कार्यशाळेत जाऊन बसे. बाह्या वर करून, कातड्याला भोकं पाडायची आरी आणि मेणाचा दोरा घेऊन. नानांचा जोडा तो स्वतः शिवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या आठवड्यात तो घरात गुणगुणत असे. मग जोडा व्हायचा, गुणगुणणं थांबायचं, आणि पुन्हा पुढच्या वर्षापर्यंत तो बरा वागणारा, वेळेवर जेवणारा, काही न मागणारा माणूस होऊन जायचा.

बोलावं का आता? पण काय म्हणून बोलावं? लग्नाला किती का वर्षं होईनात, सासरच्या जागेच्या कागदावर सुनेनं तोंड उघडायचं म्हणजे धीर लागतो. शिवाय 'असं असावं' म्हणणारी ती स्वतःच होती. तिनं कपबशा गोळा करायला घेतल्या. मूग गिळून बसण्यापेक्षा हात चालवलेले बरे.

"दादा, तुझं काय ते सांग," धाकटा म्हणाला. "नंतर मला ऐकवू नकोस."

"मी कधी ऐकवलंय?"

"तेच तर. तू ऐकवत नाहीस, नुसता बघतोस. त्यापेक्षा चार शिव्या दे."

"कर रे तू," थोरला म्हणाला. "सगळ्यांची इच्छा आहे ना? मग माझी काय वेगळी असणार?"

"हे असं! ही काय संमती झाली?"

"लेखणी दे," थोरला शांतपणे म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला.

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "थांबा जरा."

नाना एवढा वेळ बाहेर रस्त्याकडे पाहत होते. माणसांना वाटे त्यांना ऐकू कमी येतं. त्यांना सगळं ऐकू येत असे, फक्त ते उत्तराची घाई करत नसत.

"सही करायच्या आधी एकदा खाली जाऊन येऊ," ते म्हणाले. "भिंत बघेन म्हणतो."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नानांनी जिना उतरून किती दिवस झाले होते! आधी फिरायला जाणं सुटलं, मग कोपऱ्यावरचं वाचनालय, मग खालचं दुकानसुद्धा. वय झालं, मन रमत नाही, माई गेल्यापासून खचले, असं ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ठरवलं होतं. डॉक्टरनं शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या. धाकट्यानं खिडकीशी ती आरामखुर्ची आणून दिली होती.

"उतरवेल तुम्हाला?" धाकट्यानं विचारलं.

"बघू."

"मी जोडे आणते," थोरली म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. बरंच झालं, तेवढाच वेळ.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात जोडे होते. ओळीनं. एकामागून एक वर्षाचे. तपकिरी, काळा, पुन्हा तपकिरी. तिनं एक उचलला, उलटा केला. तळाचं कातडं जसं कापलं तसं कोरं. दुसरा पाहिला. तोही कोरा. मागच्या रांगेतल्या एकाच जोड्याचा तळ थोडा घासलेला होता, आणि त्याची डावीकडची बाजू आतून फुगली होती, जसं कुणीतरी दाटीतून बाहेर पडायचा प्रयत्न केला असावा.

ती तिथेच जमिनीवर बसली. शिंप्याच्या मुलीला कपडा कुठे ताणला हे पाहून माणसाचं अंग कळतं. मग कातडं काय आणि कापड काय?

तिला नानांच्या सपाता आठवल्या. रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या सपातांना करंगळीपाशी एक चीर होती. जुन्या झाल्यात, फाटल्यात, नव्या आणू, असं ती दर खेपेला म्हणायची आणि नाना दर खेपेला "राहू दे गं" म्हणायचे. पण ती चीर फाटल्याची नव्हती. सरळ होती. कडा आत मुडपून मेणाच्या दोऱ्यानं बारीक टाके घातले होते. रापी, कातडं कापायची सुरी, धरता येणाऱ्या माणसानं मुद्दाम, नीट मोजून घेतलेला काप होता तो.

आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली: टेबलाखालचे ते सगळे मोकळे पाय.

ती बाहेर आली ती जोडे न घेताच.

"सापडले नाहीत?" धाकटीनं विचारलं.

थोरली नानांच्या खुर्चीपाशी खाली बसली. घरातली सगळी पाहत होती, पण तिला आता त्याचं काही वाटेना.

"नाना," ती हळूच म्हणाली, "जोडा चावतो का?"

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोण म्हणतं?" नाना म्हणाले.

"कुणी नाही म्हणत. मीच विचारते."

"छे छे. वय झालं आता. पायऱ्या..."

"पायऱ्यांचं नंतर बघू. जोड्याचं सांगा."

नानांनी थोरल्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अपराध्यासारखं काहीतरी होतं. एखाद्या मुलानं डबा न खाता परत आणावा आणि आईनं तो उघडावा तसं.

थोरला उठला. दुमडलेल्या टाचांचे जोडे पायांतच अडखळले, तेव्हा ते तिथेच सोडून तो मोज्यांवरच आला. बायकोशेजारी बसला आणि त्यानं नानांच्या पायातली सपात काढली. त्यानं बायकोपुढे हात केला, आणि काही न विचारता तिनं पिशवीतली फीत त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं आधी पाय नुसता हातात धरला. जोडे शिवणारा माणूस पाय धरतो तसा, टाच तळहातात घेऊन. मग अंगठ्याच्या सांध्याभोवती फीत घेतली. मग चवड्यावर. करंगळीच्या बाजूला हाड वर आलं होतं, बोरासारखं, त्यावरची कातडी लाल आणि जाड झाली होती. फीत तिथे आली तेव्हा नानांनी श्वास आत घेतला, आणि थोरल्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"मी येतो," म्हणून तो उठला. मोज्यांवरच धडधड जिना उतरून गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात तो लाकडी पाय होता. आजोबांनी कोरलेला, हातांनी हाताळून काळसर झालेला. त्यानं तो नानांच्या पायाशेजारी जमिनीवर ठेवला.

सांगायची गरजच उरली नाही. एक पाय तरुण माणसाचा होता, सडपातळ, कमानदार. दुसरा म्हाताऱ्याचा, पसरलेला, बोटं एकमेकांवर चढलेली. दोघांची ओळखसुद्धा पटली नसती.

"दर वर्षी," थोरला म्हणाला. "दर वर्षी मी याच्यावरच... नाना, एकदा सांगायचं नाही? एकदा?"

"काय सांगू?"

"चावतो म्हणून! घरात कारखाना आहे आपला!"

"तेच तर." नाना हसले. "अरे, वर्षातून एकदा तू आरी हातात धरतोस. ती माझ्या जोड्यासाठी. चावतो म्हटलं असतं, तर तू आपला कुणाला तरी सांगितलं असतंस, नानांना मऊ तयार जोडा पाठवा. आणि आरी ठेवून दिली असतीस. मग तू कधी खाली आला असतास?" ते थांबले. "मला इथे वर आवाज यायचा. तू टाचा ठोकायचास तो. त्या आठवड्यात मला फिरायला गेल्यासारखंच वाटायचं."

थोरला त्या लाकडी पायाकडे पाहत बसला. देवानं माणसाला रडायला डोळे दिले, पण काहींना ते वापरायची सवय नसते. त्यांचे खांदेच तेवढे हलतात. थोरलीनं हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि काढला नाही.

सगळ्यांत आधी सावरली ती ताई. रोज माणसांची दुखणी पाहणारी ती, तिनं नाक पुसलं आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

"शेठ," ती म्हणाली, "हे चोचीवाले कुणाचे?"

धाकट्याचा चेहरा लाल झाला. "घट्ट नाहीत. जरा... नवीन आहेत."

"गेल्या वर्षीही नवीन होते. सिनेमागृहात काढले होतेस."

"रोज काढतात," धाकटी म्हणाली. तिनं आजवर नवऱ्याची बाजू सोडून एक शब्द काढला नव्हता, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. ती बोलतच राहिली. "गाडीत काढतात, गाडी चालवतानासुद्धा. घरी आले की आधी पाय गरम पाण्यात. मी म्हणते, नंबर वाढवून घ्या. तर म्हणतात, माझा पाय भिंतीवर आहे, मी नंबर सांगू?"

ताईनं आपला पाय वर करून दाखवला. टाचेला पट्टी होती. "मला वाटायचं, माझ्या नोकरीचा दोष."

मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. नानासुद्धा हसले. धाकटा हसला नाही. तो समोर पसरलेल्या पाटीच्या चित्राकडे पाहत होता. एकदा माप, जन्मभर आराम. वाईट माणूस नव्हता तो. लहानपणापासून त्याला मोठ्या भावाचे उतरलेले कपडे मिळाले, आणि त्याला फक्त एक गोष्ट स्वतःच्या नावाची हवी होती. त्यानं ते चित्र हळूहळू गुंडाळलं.

"म्हणजे सही नाही," तो म्हणाला. "तेच ना?"

थोरला उठून त्याच्याजवळ आला. "माझी नाही. मघाशी करणार होतो आणि ते चूक झालं असतं. तुझ्या बाबतीतही चूकच. आत्ताचं शोरूम तू घे, तुझं, तुझ्या एकट्याच्या विचारानं चालव. तयार माल मला जमत नाही, तुला जमतो. तू बोलतोस तेव्हा माणसं ऐकतात. मला खालची खोली हवी. जेवढे जोडे हातून होतील तेवढे करीन."

"आणि त्यावर भागवणार? दादा, हातानं शिवलेल्या जोड्यावर? आणि त्या तुमच्या घराचं काय? वहिनीला काय सांगणार?"

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. नवऱ्याचीही. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. त्या काचेच्या दुकानासमोरच्या नव्या नवरीला तो अजून घाबरत होता.

"मला कुणी काही सांगायला नको भाऊजी," थोरली म्हणाली. "मी परवा घरातून फिरत होते. म्हटलं, बघू तरी, रोज आपण कशाला हात लावतो आणि कशावर नुसता फडका फिरवतो. हात लावायच्या वस्तू या दोन खोल्यांत मावतील. बाकीच्यांची मी मोलकरीण आहे. ती पुढची मोठी खोली तर आम्ही पाहुण्यांसाठी ठेवलीय, आणि पाहुणे येतात ते स्वयंपाकघरात बसतात."

"पण तू म्हणाली होतीस..." थोरल्यानं सुरुवात केली.

"म्हणाले होते. पंचवीस वर्षांची होते. दिवे छान दिसत होते." ती हसली. "अहो, ते तेव्हाचं माप हो. त्यानंतर तुम्ही कधी विचारलंत?"



"ते घर भाड्यानं देऊ," ती पुढे म्हणाली. "आपण इथे येऊ, नानांकडे. भाड्यातलं आधी वन्संना. त्यांच्या रात्रपाळ्या सुटतील एवढं तरी होईल. उरलं त्यात आपलं. आणि कमी पडलं तर मला शिवता येतं, विसरलात का सगळे?"

"वहिनी," ताई म्हणाली. उशी पाठीमागून काढून तिनं मांडीवर घेतली.

जिन्यावर दलालाची पावलं वाजली. धाकटा उठला. मोज्यांवरच दाराशी गेला. आतून सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू येत होता, तो रुबाबदार, दुकानातला.

"आज नाही जमत. नाही, मोडलं वगैरे काही नाही. जागा मला आवडलीय. पण दोन मजले जास्त होतात का, ते पुन्हा मोजायला हवं. हो, मोजतो आणि सांगतो." मग जरा थांबून, "तुमचे जोडे कसे आहेत? चावत नाहीत ना? मग या एकदा."

दार लावून तो आत आला आणि ताईकडे बोट दाखवून म्हणाला, "हसू नकोस. मी सोडलेलं नाही. फक्त आज नाही."

"मी कुठे हसते?"

"डोळ्यांनी हसतेस."

"ते माझे स्वतःचे आहेत."

खाली जायचं होतं ते मग सगळेच गेले. नाना पुढे, त्या चीर घेतलेल्या सपाता घालून, एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं धाकट्याचा खांदा धरून. धाकट्याला आपण एवढा सावकाश चालू शकतो हे कधी ठाऊक नव्हतं. कार्यशाळेत कातड्याचा आणि डिंकाचा वास होता. धुळीनं भरलेल्या काचेतून मावळतीचा उजेड त्या भिंतीवर पडला होता आणि सगळे लाकडी पाय जरा सोनेरी दिसत होते. नानांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाबांचा हात फार चांगला होता," एवढंच म्हणाले.

"अजून कामाचा आहे तो," थोरला म्हणाला. त्यानं बाह्या वर केल्या. वरून परत आणलेला नानांचा लाकडी पाय चिमट्यात धरला, कातड्याचा एक तुकडा घेऊन रापीनं कडा पातळ केल्या आणि करंगळीच्या जागी चिकटवला. मग चवड्यावर एक. मग सांध्यावर. मधूनच तो वळून नानांचा पाय हातात घेई, पुन्हा लाकडाकडे येई. जुनं लाकूड आत तसंच होतं, आणि वरून हळूहळू आजचा पाय तयार होत होता. त्याचं त्यालाही कळलं नसेल, पण तो गुणगुणायला लागला होता.

त्यानंतर ताईचं माप झालं. मग धाकटा, नको नको म्हणत, स्टुलावर बसला आणि गुदगुल्या होतात म्हणून ओरडला. धाकटीनं विचारलं, "आमचं पण घेतात का?" आणि थोरल्यानं तिचंही घेतलं. मोठ्या जावेच्या आधी आपण बसलो हे लक्षात येऊन ती लाजली.

शेवटी थोरला फीत हातात धरून बायकोपाशी आला. इतकी वर्षं जोड्यांच्या धंद्यात काढलेला माणूस, त्याला तिचा नंबर पाठ होता आणि पाय ठाऊक नव्हता. तो खाली बसला. तिची टाच त्यानं तळहातात घेतली. दोघांनाही जरा लाज वाटली.

"तुझाही कोरतो," तो म्हणाला. "इथे, माझ्या शेजारचा खिळा रिकामाच आहे. भिंतीवर लावू."

थोरलीनं भिंतीकडे पाहिलं. मग त्याच्या पांढऱ्या होऊ लागलेल्या डोक्याकडे.

"भिंतीवर नको," ती म्हणाली. "दर खेपेला मोजा."